तांबडं बटण

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
मलप्रभा होनगेकर मंगळवारी येते,
येळ्ळूरच्या बसनं, चारच्या सुमारास,
खुर्ची खिडकीकडं फिरवते, मगच बसते.
मी बसपासाच्या अर्जाचं मराठी पान उघडतो.

‘अर्जदाराने उपरोक्त दाखल्याची साक्षांकित प्रत संलग्न करावी.’
तिचं बोट उपरोक्तपाशी थांबतं.
मागं जातं. परत येतं.
खाली गेट पडतं, मिरजेची गाडी धडधडत जाते,
गेट उघडतं,
बोट तिथंच.

‘ह्ये कोण?’
मला वाटलं होतं ती विचारेल, म्हणजे काय.
तिनं विचारलं, कोण.

मी उपरोक्त पुसतो. संलग्न पुसतो.
निबंधात मिळालेली बक्षिसं
एकेक करून पुसतो.
उरतं ते असं:
‘तुमच्या दाखल्याचा फोटो काढा.
इथं ठेवा.’
‘हितं म्हंजे कुठं?’
मी चौकोन मोठा करतो.

पुढचं पान. दोन बटणं.
निळं, ‘पुढे’. लाल, ‘रद्द’.
ती लालच दाबते, तिन्ही वेळा, ठामपणे,
आणि पिशवी काखेत मारून उठते.
‘कुठं जाऊलालीस?’
‘बस तांबडी असत्या की.’

कॉलेजात शिकलो, लाल म्हणजे थांब.
सीबीटीवर लाल म्हणजे चढ, जागा धर.

वडील पाटीवरच्या मराठीसाठी
अकरा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात होते.
त्यांना हे पान दाखवलं.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, एवढीशीच?
मी गप्प.
मलप्रभा पाटी वाचत नाही, वरची नाही, खालचीही नाही.
काचेत यल्लम्माचा फोटो,
उजव्या दिव्याखाली पत्रा चेपलेला,
म्हणजे येळ्ळूर.
वडिलांना हेही सांगायचं होतं. चहा आला, राहून गेलं.

या मंगळवारी पानावर एकच बटण.
तांबडं. ‘पाठवा’.
दाबलं तिनं.
अक्षरं आली:
‘अर्ज पोचला. आता काही करू नका.’

मी हसलो, पाणी प्यायला गेलो, एक फोन घेतला.
परत आलो तर ती तशीच,
दोन्ही हात मांडीवर, पिशवी जमिनीवर,
साडेपाचची बस चुकलेली.

‘किती वेळ करू नको?’ तिनं विचारलं.

मी खुर्ची ओढली.
लॅपटॉप पुन्हा उघडला.