बस्त्यावच्या दुकानातली बाहुली

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना
उजव्या हाताला बस्त्यावचं चहाचं दुकान.
काचेच्या कपाटात सावंतवाडीची लाकडी केळी,
रंग उडालेली ठकी,
आणि मध्येच एक किमोनोवाली;
बस्त्याव बोटीवर कुक होता, तेव्हा कोबेहून आणलेली.

"थंयसर चाय पिऊक ढोपरार बसाचा लागता.
मगे एक बाई नाचता.
नाचता म्हणजे काय, पंखो हालयता.
माका वाटला, आता सुरू होतला.
तवसर संपला."

आज जत्रा. दशावताराची मंडळी आत शिरली,
तोंडाला रंग लागायचाय अजून.
स्त्रीपार्ट करणारा लवू मेस्त्री
बशी ओठाशी धरून कपाटापुढे थांबला.
बशीतल्या चहावर साय धरली.

रात्री देवळापुढे
तारामती निघाली राज्य सोडून.
पेटी थांबली, मृदंग थांबला.
तिने नुसती मान वळवली,
अर्धी,
आणि पदर मिटला
घडी घडी करत.

लोक शिट्टीची वाट बघत राहिले.
मागे बस्त्याव पुटपुटला,
"ह्या... ह्याच ता,"
आणि अंधारात चपला शोधू लागला.
साडेपाचला दूध येतं.