आठ सेकंदांचे मुंजाजी

चिकलठाण्यात रात्री दीडला
मी चाळीस हजार माणसं जागी करते.
त्यांना नावं नाहीत, पंधरा-पंधरा आकडे आहेत.
घरं नाहीत, पण परभणीहून जालन्याला निघाल्यासारखी
ती एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातात
आणि एकाच क्षणी एकमेकांना फोन लावतात,
दहावीच्या निकालाच्या दुपारी लागतात तसे.
कोअर धापा टाकतो का, एवढंच मला बघायचं असतं.

पण फोन उचलला की बोलायला आवाज लागतो.
कंपनीने एक पाठवला होता: परदेशी बाई, इस्त्री केलेली वाक्यं,
त्यात कुठेच ळ नव्हता.
म्हणून गेटवरच्या मुंजाजी केंद्रेंना आत बोलावलं,
एसी बंद केला. काय बोलू? म्हणाले.
काहीही.
घसा खाकरून बोलले, आठ सेकंद:
"आवाज येऊलालाय का?
बाळू, काळी म्हस याली.
कोनाला सांगू नकू."

तेव्हापासून रोज रात्री
काळी म्हैस चाळीस हजार वेळा व्यायते
आणि कुणालाच सांगायचं नसतं.
गुण पाचपैकी चार पूर्णांक दोन.
परवा भार वाढवला, शंभरात तीन पाकिटं गळाली,
मुंजाजी म्हणाले, "बाळू, का… याली."
मी तक्रार लिहिली. समीना हैदरीने पहाटेपर्यंत बसून
रांगांचे अग्रक्रम बदलले.
म्हैस परत आली.

मुंजाजींचं कंत्राट संपलं, ते आता गावी, कंधारच्या पुढे.
रविवारी त्यांचा खरा फोन आला.
मागे मळणीयंत्र, वारा, डिझेलवर चाललेला एकुलता टॉवर.
कानानेच मोजलं: दीड. फार तर पावणेदोन.
"माजा आवाज हाय का अजून मशिनीत?"
आहे ना.
"मंग त्याला सांग…"

गेला.
परत लावला, लागला नाही.
आमच्याच नेटवर्कचा, म्हणून सोमवारी नोंद काढली.
कारण क्रमांक सोळा: सामान्य समाप्ती.
म्हणजे कुणीतरी फोन ठेवला.
मी तर ठेवला नव्हता.

रात्री दीडला पुन्हा चाळीस हजार.
"आवाज येऊलालाय का?"
त्या प्रश्नानंतर नमुन्यात
दोन सेकंद मोकळे आहेत, मीच सोडलेले,
पहिल्या दिवसापासून.
उत्तरासाठी नव्हेत.
प्रतिध्वनी मोजायला.