थांबा क्रमांक चार

सहाला निघते.
धुकं तेव्हा समुद्राकडून डोंगर चढत असतं,
आम्ही त्याला मालमोकी म्हणतो.
ते आलं की खडकावरचं दगडफूल
अर्धा तास नारिंगी होऊन घेतं,
मग पुन्हा मेल्याचं सोंग.

पाठीवर पांढऱ्या रंगाचा डबा, दोन ब्रश,
पाच लिटर पाणी. त्यातलं तीन
जे बाटली गाडीत विसरतात त्यांच्यासाठी.

रिख्टर्सफेल्डच्या या पायवाटेवर
माझं काम बाण रंगवायचं.
वारा वाळू घेऊन येतो, बाण खरवडून नेतो.
वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या उतरंडी
बबून पाडतात, मी परत रचते,
मोठा खाली, मग मधला, वर चपटा.
एवढ्याचा पगार मिळतो
हे आईला अजून खरं वाटत नाही.

पहिला थांबा कोकरबूमचा. तिथे सगळे फोटो काढतात.
दुसरा कोरडा ओढा,
तिथे माणसांची वाट संपून गाढवांची सुरू होते
आणि फरक फक्त गाढवांना कळतो.
मागच्या हिवाळ्यात एक नवरा-बायको तिकडे भरकटले.
योआकिमला सापडले तेव्हा संध्याकाळ झाली होती
आणि ते भांडतसुद्धा नव्हते.
तो म्हणाला, तेव्हाच मी घाबरलो.

तिसऱ्या थांब्यावर अर्धमाणूस:
अंगभर काटे, शेंड्याला मूठभर पानं,
मान उत्तरेला कललेली.
म्हातारे सांगतात, नदी ओलांडून दक्षिणेला पळताना
ज्यांनी मागे वळून पाहिलं
ते असेच उभे राहिले.
पाटीवर लॅटिन नाव आहे
आणि खाली, हात लावू नये.

चौथ्यावर बाक आहे.
फळ्या आमच्याच गाढवांवरून वर गेल्या.
बाकाचं तोंड गारीपकडे:
खाली नदीची हिरवी चिंधी,
पलीकडे नामिबियाचे डोंगर,
काळे, मग जांभळे, मग नुसती रेघ.
लोक इथे येऊन गप्प बसतात.
मग कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडतं.

ऑगस्टात आईला आणलं.
निम्मी वाट योआकिमच्या गाडीतून,
उरलेली माझा खांदा धरून.
ती बाकावर बसली, पण उलटी,
पाय पाठीच्या फळ्यांमधून सोडून,
नदीकडे पाठ.

समोर काय होतं? सपाटी.
दगडांचं मोडकं वर्तुळ,
आत शेळ्यांच्या लेंड्यांनी काळी पडलेली माती.
म्हणाली, चटयांचं घर इथे होतं. दार तिकडे.
त्या खडकापाशी सीमनला विंचू चावला,
रात्रभर ओरडला, सकाळी दूध मागितलं.

आणि हा देखावा, मी विचारलं.
होताच की, ती म्हणाली, वळलीही नाही.
शेळ्या पाणी पिऊन वर यायच्या
तेव्हा बघायचो.
बघायचो म्हणजे मोजायचो.

तेवढ्यात एक मुलगा आला, टोपी काढून
अदबीनं म्हणाला, आजी, जरा बाजूला व्हाल?
ती झाली.
त्याच्या फोटोत नदी असेल, डोंगर असतील,
कडेला कदाचित आईची टाच.

निघताना ती माझ्या उतरंडीपाशी थांबली.
चार वर्षं मी ती रचत होते,
दगड हाताशीच सापडायचे, लांब जावं लागायचं नाही,
कधी विचार केला नव्हता.
वरच्या चपट्यावर तिनं तळवा ठेवला,
ताप बघावा तसा.
हा आमच्या चुलीचा, म्हणाली.
काळी बाजू खाली घातलीयस.

रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दगड वर्तुळात नेऊन ठेवला.
कुठे ठेवायचा ते नीट आठवेना,
दार तिकडे म्हणजे चूल कुठे.
उतरंडीवर आता ओढ्यातला दगड आहे,
चपटा, पण डुगडुगतो.
बबून रोज पाडतात.
मी परत रचते.