लादी

बर्फ म्हणजे आमच्याकडे खेळ नव्हता.
दीडशे किलोची एक लादी, दोन आकडे, एक करवत,
आणि पहाटे तीनला ससून डॉकवर ओरडणारे तांडेल.
अमोनियाचा वास कपड्यांतून जात नाही.
बायको म्हणायची,
तुम्ही घरी येता आणि भिंतीला सर्दी होते.

ध्रुवी चार वर्षांची असेल.
आईबरोबर डबा द्यायला आली
आणि ओल्या फरशीवर चप्पल सटकून
थेट गोणपाटांच्या ढिगात.
मी धावलो. ती हसत होती.
"परत," म्हणाली.

कारखान्यामागे मासळीचे ट्रक लागतात,
दुपारी तेवढी जागा मोकळी.
तिथे चाकांचे बूट.
जुन्या टायरातून कापलेली चकती,
तुटक्या वल्ह्याची काठी,
कोळंबीच्या दोन क्रेटांमध्ये गोल.
मुलगी म्हणून तिला गोलात उभी केली,
तिथे कुणालाच उभं राहायचं नसतं.
ती तिथेच राहिली.

मग लोबो सर. मॉलचा वरचा मजला,
आठवड्यातून दोनदा, गिऱ्हाइकं गेल्यावर,
रात्री अकरा ते साडेबारा.
पहिल्या दिवशी वाकून मी त्या बर्फावर हात ठेवला.
दोन बोटं जाडी. आमच्याकडे कुणी विकत घेतला नसता.
म्हटलं, सर, त्या कोपऱ्यात पाणी सुटतंय,
खालचा पाइप चोंदलाय.
खरंच चोंदला होता.
त्या महिन्यापासून फी अर्धी.

पायाची पॅड्स मात्र अर्ध्यातही परवडेनात.
सरांची बहीण विनिपेगला. तिनं खोक्यातून पाठवली,
शेजारच्या मुलाची, त्याला लहान झालेली.
आतल्या बाजूला काळ्या पेनानं: ईथन बी., ३१.

होडी कुठल्या अंगाला घासली आहे ते बघून
ती कुठल्या धक्क्याला लागते ते सांगता येतं.
तशी मी ती पॅड्स रात्री मांडीवर घेतली.
डावा गुडघा जास्त झिजलेला,
म्हणजे आधी डावीकडे बसायचा.
एक पट्टा दोऱ्यानं शिवलेला,
टाका बापाचा असणार, मोठा आणि घाबरलेला.
वरच्या कडेला दातांच्या खुणा.
कुत्र्याच्या? की त्याच्याच,
एखादी मॅच हरल्यावर?
एका पोराचं सगळं लहानपण
कुलाब्यात माझ्या मांडीवर,
आणि कस्टमच्या चिठ्ठीवर किंमत: शून्य डॉलर.

पंधराव्या वर्षी लेहला, ज्युनियरमध्ये.
जानेवारीत बोटी भरून येतात, मला रजा नव्हती.
फोन आला. "पप्पा, नऊ."
अडवले नऊ?
"खाल्ले नऊ."
मग बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाली,
"इथे तळ्यावर बर्फ आपोआप होतो.
त्याच्यासाठी रात्रभर कुणी जागत नाही."
मला जरा वाईट वाटलं. का, ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी चार.
त्याच्या पुढच्या वर्षी दोनच,
आणि कॅम्पच्या यादीत नाव,
फक्त वैतीच्या जागी वैद्य.
ती म्हणाली, राहू दे, गोलात आडनाव विचारत नाहीत.

आता पॅड्स तिलाही लहान झाली.
कालिन्याचा एक पोरगा न्यायला आला,
अकराचा, कानात बाळी, बापाच्या स्कूटरवर मागे.
तिनं ईथनच्या खाली आपलं नाव लिहिलं,
खाली थोडी जागा सोडली.
पोरानं विचारलं, "हा ईथन कोण?"
"डावीकडे लवकर बसायचा," ती म्हणाली.
"तू नको बसूस."

आज माझी रात्रपाळी.
साच्यातून लादी निघाली, कडा काचेसारख्या,
मधोमध एक पांढरी रेघ.
क्रशरमध्ये ढकलायच्या आधी
मी तिच्यावर तळवा ठेवून उभा आहे.
धक्क्यावरून कुणीतरी ओरडतंय,
"ए वैती, झोपलास काय?"