सात मिनिटं पुढं

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
तीन सर्व्हर. एकाच रॅकवर, एकाच स्विचला,
आणि एकमेकांशी अबोला.

विंडोज हिशेबाचा : पगार, उधारी, जीएसटी.
लिनक्स भाच्यानं आणलेला, फुकट म्हणून मालकांना पटलेला,
त्याच्या पोटात सारी ड्रॉइंगं.
आणि तळाला, काळ्या वाळूची पूड पांघरून
जुना युनिक्स. पॅटर्नचे नंबर फक्त त्याला ठाऊक,
त्याचा पासवर्ड फक्त इरगोंडा स्टोअरकीपरला.

सोमवारी गेलो, सुट्टी बघून.
सांबा बसवला. विंडोजला
थोरल्या अक्षरातला व्हॉल्व्ह नि धाकट्यातला एकच,
लिनक्सच्या लेखी दोन परकी माणसं.
इरगोंडा म्हणाला, "आपल्या बाराखडीत
असलं थोरलं-धाकटं न्हाई, ते बरं हाय."
चारशे फायलींची नावं धाकटी केली.

तरी दार उघडेना.
नाव बरोबर, पासवर्ड बरोबर,
पडद्यावर तेच : तिकीट नामंजूर.
तीन चहा झाले.

शेवटी सहज दोघांना वेळ विचारली.
एक म्हणाला सहा दहा, दुसरा सहा सतरा.
पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं
की ही जात ओळखच देत नाही.

"ह्याचं घड्याळ कुणी लावलं?"
इरगोंडानं भिंतीकडं बोट केलं.
थोरल्या मालकांनी सात मिनिटं पुढं ठेवलेलं,
पहिल्या पाळीला कुणी रेंगाळू नये म्हणून.
मालक जाऊन अकरा वर्षं झाली.
विंडोज आला त्या दिवशी यानंच
त्यात बघून वेळ भरली होती, सेकंदासकट.

मी स्टूल ओढलं.
"त्याला हात नगा लावू. मशीन दुरुस्त करा.
माणसं त्याच्यावर चालत्यात."

युनिक्सची तर बॅटरीच मेलेली.
सुरू केला की त्याचं साल एकोणीसशे सत्तर.
"तवा मी दुसरीत हुतो," इरगोंडा म्हणाला,
आणि जरा वेळ त्या हिरव्या अक्षरांकडं बघत राहिला.

मग विंडोज सात मिनिटं मागं आणला,
म्हातारा अर्ध्या शतकाहून पुढं.
तिघांनी एकच वेळ सांगितली.
व्हॉल्व्हचं ड्रॉइंग उघडलं,
शेजारी त्याचा पॅटर्न नंबर, खालती उधारी.

माझ्या मोबाइलवर सात त्रेपन्न.
इरगोंडानं भिंतीकडं पाहिलं, किल्ल्या काढल्या.
"आठ वाजलं की. चला, उशीर झाला."