मागच्या पानांवरचा संघ

तारकोंड मच्छीमार सोसायटीची वही
पुढून उघडली तर बांगडा, पेडवे, मणांचे हिशेब.
मागून उघडली तर आम्ही:
पेन्सिलीत नऊ नावं,
दहावं माझं, आणि त्यापुढे ‘चेंडू आणणारा’.

त्रेसष्ट साली नूरुद्दीन सोलकर
बोटीवरची नोकरी सोडून कोबेहून आला.
ट्रंकेत एक बॅट, एक चामडी मोजा
आणि अख्ख्या तालुक्याला ठाऊक नसलेला खेळ.
क्रिकेट न्हय ह्या, म्हणाला,
हयसर अर्ध्यातून परत फिरूचा नाय.
फुडे फुडेच जावचा,
आणि जाता जाता घर येता.

मैदान ओहोटीचं.
पुनवेला, अवसेला संध्याकाळी समुद्र लांब सरायचा
तेवढीच जागा, तेवढेच तास.
अष्टमीला खेळ नाही.
पहिल्या घराला फुटकं कौल, दुसऱ्याला सुकटीचं पोतं,
तिसऱ्याला मोडकं वल्हं पुरलेलं,
आणि मूळ घर म्हणून जांभ्याचा एक चिरा
जो दर पंधरवड्याला वाळूतून उकरून काढावा लागे.

चामडी चेंडू दुसऱ्याच महिन्यात समुद्राने ठेवून घेतला.
मग शिडं शिवणारा दाजी गिरकर
सुपारीवर काथ्या गुंडाळून चेंडू करू लागला.
तो बुडत नसे.
म्हणून तर मी.
बॅट मोडली, हरी मेस्त्रीने उंडीची घडवली,
इतकी जड की आधी मारणाराच गरगरायचा.

पास्कू जोरात फेकायचा, आणि कुठेही.
बांगडे वाळत घालता घालता आनंदी कुबल
पाटी वर धरायची; चेंडू तिच्यात पडला तर बाद की नाही
यावर तीन पावसाळे भांडण.
शेवटी तिलाच संघात घेतलं.
पाटी मी सोडूचंय नाय, म्हणाली.
तेही वहीत आहे, अटी या मथळ्याखाली.

अकरा वर्षं आम्ही हरलो नाही.
खेळायला दुसरा संघच नव्हता.

मग चौऱ्याहत्तरच्या मार्चात कोल्हापूरहून
व्यायाम कॉलेजची पोरं आली,
पांढरे कपडे, नवे बूट, बुटांत वाळू.
बस उशिरा पोचली होती,
आणि भरतीला कोल्हापूरची वेळ ठाऊक नव्हती.
त्यांचा चेंडू भिजून दगड झाला, तेव्हा आमचा काढला.
वहीत गुण आहेत: एकोणीस, दोन.
एकोणीस त्यांचे.

दोन कसे आले ते वहीत नाही.
सातव्या डावात पाणी दुसऱ्या घरावर चढलं.
पास्कू तिथे पोत्यावर उभा, पोटऱ्या ओल्या.
आनंदीने मारला
आणि काथ्याचा चेंडू एका लाटेच्या पाठीवर जाऊन बसला.
त्यांचा पोरगा काठाशी थबकला, बुटांकडे बघत.
मेल्या पास्कू, बगतस काय, धाव!
तो धावला, मागून काष्टा खोचून ती,
कौल, पोतं, वल्हं,
आणि शेवटचा चिरा पाण्याखाली,
दोघांनी पायांनी चाचपून शोधला.

चेंडू आणायचं काम माझं होतं.
त्या दिवशी मी गेलो नाही.
मुद्दाम. आज सांगतो.

पुढे जेटी आली.
मैदानावर खडी पडली, डिझेलचे तवंग आले.
पास्कू कुवेतला गेला, दाजी वारला,
वहीचा कोपरा कसरीने खाल्ला, त्यात दोन नावं गेली.
चिरा मी सायकलीच्या कॅरिअरला बांधून घरी आणला.
आता त्यावर उभं राहून सगळे पाय धुतात.

नूरुद्दीनचाचाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
संध्याकाळी जेटीच्या टोकाला बसतो.
इंजिन थांबलं, दोर पडला,
होडी टायरला घासली की
दोन्ही हात आडवे पसरतो, तळवे खाली.
नव्या पोरांना वाटतं, म्हातारा वारा जोखतोय.

आनंदी पाटी टेकवते शेजारी.
चाचा, अजून दोन होड्यो येवच्यो आसत,
हात खाली घे, दुखतले.

तो घेत नाही.