साक्षीदार क्रमांक चार

कुलूप बाहेरून फोडलं की आतून उघडलं,
एवढंच सांगायला त्याला बोलावलं होतं.
मार्तंड शेळके, वय एक्कावन्न,
पाटणकर बाजारात किल्ल्यांचं दुकान,
म्हणजे एक तरट, दोन कानशी.

मी टंकत होतो. लष्करच्या त्या कोर्टात
सोळा वर्षं मी फक्त सांगितलेलं टंकलं.

वकिलानं विचारलं, हाँ या ना?
तो म्हणाला, ताले को हाँ-ना नहीं आता हुजूर,
आत बघावं लागतं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
साहेबांनी चष्मा काढला. पुन्हा विचारलं.
त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं,
साहेबांना कमी ऐकू येत असेल असं समजून.

अवमान.
शंभरदा टंकलेल्या या शब्दात मान आहे,
हे मला त्या दिवशी दिसलं:
तीस वर्षं कुलपांवर वाकून आखडलेली,
आता सरळ झाली तर खाली जाईना.

कोर्ट उठायच्या आत निकाल लावायचा, कलमच तसं.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
त्यानं वकील मागितला.
तू गवाह है, साहेब म्हणाले, गवाह को कैसा वकील?
काळे कोट होते की तिथं सात-आठ.
सगळे आपापल्या फायलींत शिरले.

तेव्हा तो हळूच, घरात बोलावं तसं बोलला,
"इथं आपलं कोणी आहे का हो?"

क्या बका?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं आडनाव निंबाळकर.
मी म्हणालो, कुछ नहीं, हुजूर.
टंकलंही तेच.

दोनशे रुपये दंड, नाहीतर महिनाभर साधी कैद.
माझ्या खिशात दोनशे तेहतीस होते.
अजून मोजतो.

तरट महिनाभर गुंडाळलेलं राहिलं.
दिवाळीच्या सुमारास मी ट्रंकेचं कुलूप घेऊन गेलो,
न बिघडलेलं.
पुढच्या गिऱ्हाइकाला तो म्हणत होता, ठैरो भैया, घिस रहा हूँ.
माझं कुलूप त्यानं कानाशी धरलं, हलवलं,
किल्ली फिरवली, एकदा, परत एकदा.
मग वर न बघता म्हणाला,
"काही झालेलं नाही याला.
आठ आणे द्या."